नांदरुकाला वळण लावताना: पहिल्या बोन्सायची तयारी आणि निगा

पुष्पप्रदर्शनात उथळ ट्रेमधलं, हातभर उंचीचं, नागमोडी खोडाचं आणि वेड्यावाकड्या फांद्यांचं झाड दिसलं की गर्दीतून हमखास दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "किती गोड!" आणि दुसरं, "बिचाऱ्याला किती पिळलंय!" दोन्ही म्हणणारे बहुतेक वेळा पुढच्या स्टॉलकडे जातात. पण काही जण तिथेच रेंगाळतात, वाकून खोडाकडे बघतात आणि घरी परतताना नर्सरीत थांबतात. हा लेख त्यांच्यासाठी.

छळाचा प्रश्न आधी मिटवू. कुंडीतलं झाड उपाशी ठेवून बुटकं राहत नाही, ते मरतं. बोन्साय लहान राहतं ते शेंडे आणि मुळं वेळच्या वेळी छाटल्यामुळे. उलट त्याला खत, पाणी, ऊन नेहमीच्या कुंडीतल्या झाडापेक्षा जास्त काटेकोरपणे द्यावं लागतं. ही कला मुळात चीनची. तिथल्या एका राजपुत्राच्या इ. स. 706 मधल्या थडग्यातल्या भित्तिचित्रात तबकातलं छोटं निसर्गदृश्य घेऊन चाललेले सेवक दिसतात. जपानने पुढे तिला आज आपण ओळखतो ते रूप दिलं. आपल्याकडे मात्र जपानी पाइन किंवा मेपलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्यांना थंडीतली खरी विश्रांती लागते, ती मुंबई-पुण्यात मिळत नाही. आपल्या हवेतलं, आपल्या रस्त्याकडेचं झाड घ्यावं, आणि नवख्या माणसासाठी त्यात नांदरुकाला तोड नाही.

नांदरुक म्हणजे वडाचा लहान पानांचा चुलतभाऊ. पानं दोन-तीन इंचांची, जाड, चकचकीत. हरियाल पक्षी त्याच्या बारक्या फळांवर तुटून पडतात. नर्सरीत त्याला 'फायकस मायक्रोकार्पा' किंवा नुसतंच 'रेटुसा' म्हणतात. तो कापला तरी फुटतो, मुळं अर्धी उडवली तरी तगतो, पाण्याची थोडीफार हयगय सोसतो आणि त्याची कोवळी फांदी तारेने हवी तशी वळते. वडाची पानं छोट्या ट्रेत फार मोठी दिसतात. पिंपळाची पानं लहान करणं जिकिरीचं, शिवाय तो घरात नको म्हणणारे वडीलधारे घरोघरी असतात. 'बेंजामिना' नावाने मिळणारा फायकस दिसायला नाजूक असतो, पण त्याची फांदी पानं न ठेवता कापली तर अनेकदा तिथून फुटतच नाही, मागे वाळत जाते. म्हणून पहिलं झाड नांदरुकच.

रोप कुठून आणायचं

नर्सरीत तीन प्रकार दिसतील. पहिला, मुळ्यासारखी फुगीर मुळं वर काढलेला 'जिनसेंग'. तो दिसतो गमतीदार, पण ती जाडजूड मुळं वाकत नाहीत आणि डोक्यावरची पानं बहुधा कलम करून बसवलेली असतात. वळणदार फांद्या हव्या असतील तर तो सोडून द्या. दुसरा, इंग्रजी एस अक्षरासारखं खोड वळवून आयात केलेला. सगळे एकाच साच्यातले असल्याने शेजारी-शेजारी ठेवले तर ओळखता येत नाहीत. तयार खोड मिळतं, पण त्या गुळगुळीत वळणात जीव आणायला बरंच काम पडतं. तिसरा, कुंपणासाठी किंवा रस्त्यासाठी वाढवलेलं, काळ्या प्लास्टिक पिशवीतलं साधं रोप. स्वस्त, कोणाचं लक्ष नसलेलं, आणि माझ्या मते सर्वांत चांगलं.

पुण्याजवळचे लोक त्यासाठी सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला एक चक्कर मारू शकतात. तिथे नर्सऱ्यांची रांगच आहे. रोप निवडताना वरची हिरवळ बघून भुलू नका, ती नाहीतरी कापायची आहे. बोटाने बुंध्याजवळची माती इंचभर उकरा. खोड जमिनीत शिरताना जिथे रुंद होतं आणि मुळं चहूबाजूंनी पसरतात, तो भाग हाताला लागला पाहिजे. एकाच बाजूला एक जाड मूळ आणि बाकी काहीच नाही, किंवा मूळ खोडाभोवती विळखा घालून बसलंय, असं रोप परत ठेवा. त्यानंतर बघायचं ते फांद्या किती खाली आहेत. बुंध्यापासून वीतभर उंचीत तीन-चार जिवंत फांद्या असलेलं बुटकं, आडदांड रोप हे उंच सरळसोट रोपापेक्षा कितीतरी मोलाचं.

दुसरी वाट फुकटची आहे. जुन्या इमारतींच्या भिंतींत, गच्चीच्या कठड्यात, पावसाच्या पाइपमागे पक्ष्यांच्या विष्ठेतून वड-पिंपळ-उंबर उगवतात, त्यांत नांदरुकही असतो. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते आणि उंबराचं पान पातळ. जाड, चकचकीत आणि टोकाला बोथट पान दिसलं तर तो बहुधा आपला. फटीत वाढल्यामुळे त्याचं खोड आधीच वाकडंतिकडं झालेलं असतं. असं वळण तारेने आणायला वर्षं लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये, सोसायटीची परवानगी घेऊन, हात सहज पोहोचेल तिथलंच काढा. गच्चीवरून ओणवं होऊन काढण्याइतकं कुठलंच झाड किमती नाही. मूळ अखंड निघणार नाही, निघेल तेवढं घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि वरच्या फांद्या निम्म्याहून कमी करा.

तिसरी वाट छाट कलमाची. पहिल्या चांगल्या पावसानंतर पेन्सिलीएवढ्या किंवा अंगठ्याएवढ्या फांदीचा वीतभर तुकडा कापा, टोकाची दोन पानं ठेवून बाकीची काढा, चीक पाण्याखाली धुऊन टाका आणि भुसभुशीत मिश्रणात सावलीत रोवा. पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात तो मूळ धरतो. ओळखीच्या कुणाच्या झाडाला छान वाकडी फांदी असेल तर जूनमध्ये तिच्यावर गुटी कलम बांधायला सांगा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटतात. वळणासकट तयार झाड हाती येतं.

हत्यारं आणि माती

हत्यारांवर सुरुवातीला पैसे उधळू नका. धारदार सिकेटर म्हणजे फांद्या छाटायची कात्री, लांब टोकाची छोटी कात्री, तार कापायचा कटर, मुळं विंचरायला एक जुना काटा-चमचा आणि बारीक भोकांची झारी, बस्स. तार अॅल्युमिनियमची घ्या, दीड, अडीच आणि चार मिलिमीटर अशा तीन जाडीत. बोन्सायची तपकिरी तार ऑनलाइन मिळते. तांब्याची तार जास्त घट्ट धरते, पण नवख्या हाताला ती जड जाते.

मातीबद्दल मात्र हट्टी राहा. नर्सरीतलं रोप बहुतेकदा लाल चिकण मातीच्या गोळ्यात असतं. तो गोळा वाळला की विटेसारखा होतो, पाणी कडेकडेने निघून जातं आणि मधली मुळं कोरडी राहतात. शेतातली काळी माती तर नकोच. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. ट्रेमध्ये अडीच इंच खोलीत झाडाला एकाच वेळी पाणीही हवं आणि हवाही. त्यासाठी मिश्रण खड्याखड्यांचं असावं लागतं.

पक्क्या भाजलेल्या विटा फोडा आणि चाळा. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचे तुकडे ठेवा, खालची पूड फेकून द्या. लोक कंटाळून पूड तशीच ठेवतात. तीच पुढे चिखल होऊन भोकं बुजवते. असे तीन भाग तुकडे, एक भाग जाड धुतलेली वाळू आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर खत निम्मं करा, पावसाळ्यात त्याचा लगदा होतो. विदर्भ-मराठवाड्यात उलट, थोडं वाढवा. कुंडी भरून वर तांब्याभर पाणी ओता. काही सेकंदांत खालून धार लागली तर मिश्रण जमलं. वर डबकं साचलं तर पुन्हा चाळा.

पहिलं वर्ष: काही करू नका

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. रोप आणलं त्याच रविवारी माती झाडली, मुळं कापली, तार गुंडाळली, ट्रेमध्ये बसवलं, फोटो काढला आणि दसऱ्यापर्यंत झाड गेलं. तीन मोठे आघात एकदम सोसणं नांदरुकालाही जड जातं. एका हंगामात एकच मोठं काम, एवढं एक पथ्य पाळलं तर बाकी बऱ्याच चुका झाड पोटात घालतं.

पहिल्या वर्षी रोप आठ-दहा इंची साध्या कुंडीत, वरच्या मिश्रणात लावा. ही लावणी फेब्रुवारीच्या मध्यानंतर हवा तापू लागली की किंवा जूनच्या पहिल्या पावसानंतर करा. ऐन थंडीत आणि मेच्या कडक उन्हात टाळा. लाल मातीचा गोळा पाण्याच्या बादलीत भिजवून हलक्या हाताने सोडवा. दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा, मग उन्हात आणा आणि वाढू द्या. महिनाभर खत नको.

ट्रेमध्ये गेलं की खोड जाड होण्याचा वेग फार मंदावतो, म्हणून जाडी मोठ्या कुंडीतच कमवायची. खालची एखादी फांदी अजिबात न छाटता दोन-तीन फूट मोकळी सुटू द्या. ती जितकी वाढेल तितका तिच्या खालचा बुंधा पोसतो. काम झालं की ती मुळातून कापून टाकायची. घरचे विचारतील की ही काय जंगली वाढ, दुर्लक्ष करा.

तारेने वळण देणं

रोप जोमात आलं, म्हणजे नवी पानं तेजदार आहेत आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला टोकदार कळी फुगलेली आहे, की मग तार हातात घ्या. अशक्त झाडाची फांदी वाकवली तर ती वाकलेलीच वाळते.

आदल्या दिवशी पाणी थोडं कमी द्या. पाण्याने टच्च भरलेली फांदी कडक असते, किंचित मलूल झाली की सहज वाकते. ज्या फांद्या वळवायच्या त्यांवरची तारेच्या आड येणारी पानं काढा. तारेची जाडी फांदीच्या साधारण एक-तृतीयांश असावी. शंका असेल तर तारेचं टोक फांदीवर दाबून बघा. फांदी वाकली आणि तार सरळ राहिली तर ती पुरेशी आहे. लांबी फांदीच्या दीडपट कापा.

आता एक तार दोन फांद्यांना लावायची. शेजारच्या दोन फांद्या निवडा, तारेचा मध्य खोडावर टेकवा, खोडाला किमान एक-दीड वेढा बसू द्या आणि एक टोक एका फांदीवर, दुसरं दुसरीवर न्या. खोडाचा आधार नसेल तर एक फांदी वाकवताना दुसरी हलते आणि सगळी मेहनत वाया जाते. डाव्या हाताने गुंडाळलेला भाग घट्ट धरून ठेवा, उजव्या हाताने पुढचा वेढा द्या. वेढे तिरके, पंचेचाळीस अंशांच्या आसपास. फार जवळजवळ दिले तर तार स्प्रिंगसारखी होते आणि धरत नाही. फार लांब दिले तर फांदी मधेच मोडते. तार सालीला लागलेली हवी, रुतलेली नको. आधी खोड, मग जाड फांद्या, शेवटी डहाळ्या. तारेवर तार चढवायची नाही.

वाकवताना दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवा आणि बोटांनी बाहेरून सावकाश ओढा. वळणाच्या बाहेरच्या कडेवर तार आली पाहिजे, कारण साल तिथेच ताणली जाते आणि तिथेच फुटते. फांदीला पीळ द्यायचा असेल तर ज्या दिशेने तार गुंडाळली त्याच दिशेने पिळा. उलट पिळलं की तार सैल पडते. कानाला बारीकशी करकर ऐकू आली की थांबा. अर्धवट चिरलं असेल तर फांदी किंचित मागे आणा, चीर दाबून प्लास्टिकची पट्टी गुंडाळा आणि महिनाभर हात लावू नका. नांदरुक बहुधा सांधतो.

वळण कसं असावं हा खरा प्रश्न. सुरुवातीला हातून दोन चुका होतात. पहिली म्हणजे सारख्या अंतरावर सारखी वळणं, जशी दिवाळीच्या चकलीची नळी पिळत जावी. निसर्गात असं होत नाही. बुंध्याजवळचं वळण मोठं, वर जाताना वळणं लहान आणि जवळजवळ, शिवाय फक्त डावी-उजवीकडे नाही तर पुढे-मागेही. वर चढलेली फांदी मधेच खाली झुकावी, टोकाला पुन्हा वर यावं, प्रकाशाच्या शोधात निघाल्यासारखी. दुसरी चूक म्हणजे वळणाच्या आतल्या खोबणीत फांदी ठेवणं. फांदी नेहमी वळणाच्या बाहेरच्या टोकावर हवी. आतली कापून टाका.

आणि एक बाब, जी बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळत नाही. कोवळं, पेन्सिलीएवढं खोड वळवत असाल तर आत्ता डोळ्यांना बरं दिसेल त्यापेक्षा जास्त वाकवा, अगदी भडक वाटेल इतकं. खोड जाड होत जातं तशी आतली खोबण भरत येते आणि वळण सपाट होतं. आज नेमकं दिसणारं वळण चार वर्षांनी जवळपास सरळ झालेलं असतं.

तार लावल्यावर झाड दोन-चार दिवस सावलीत ठेवा. मग रोज पाणी घालताना नजर तारेवर ठेवा. पावसाळ्यात नांदरुक इतक्या वेगाने जाडतो की चार ते सहा आठवड्यांत तार सालीत रुतू लागते. हिवाळ्यात तीन-चार महिनेही चालतं. रुतल्याची खूण उमटायच्या आत काढा. काढताना तार उलगडत बसू नका, त्यात डहाळ्या आणि डोळे मोडतात. प्रत्येक वेढ्यावर कटरने टक् टक् तुकडे करा आणि ते गळून पडू द्या. तारेची किंमत फांदीपेक्षा कमीच असते. फांदी थोडी मागे फिरली तर पुन्हा तार लावा, पण आधीच्या खुणांवरून नाही, विरुद्ध दिशेने.

कात्रीने वळण

तार आवडत नसेल तर दुसरा मार्ग आहे आणि तो मला जास्त भावतो. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग भागात लिंगनान नावाची परंपरा आहे. तिथले कारागीर वळणं मुख्यतः छाटणीतून आणतात. फांदी हवी तेवढी जाड होईपर्यंत सोडायची, मग बुंध्याजवळ दोन पानं ठेवून कापायची. शेवटच्या पानाच्या बगलेतला डोळा ज्या दिशेला आहे त्या दिशेला नवी फांदी निघते. नांदरुकाची पानं आलटून-पालटून लागतात, त्यामुळे डावीकडे जायचं की उजवीकडे हे कापताना तुम्ही ठरवता. नवी फांदी आधीच्या तुकड्यापेक्षा थोडी बारीक झाली की पुन्हा कापा, या वेळी थोडं आखूड. अशी चार-पाच आवर्तनं झाली की कोनाकोनांची, झटके देत गेलेली फांदी तयार होते. तारेच्या गोलाईपेक्षा ती वेगळी दिसते, म्हातारी आणि राकट. वेळ जास्त लागतो. व्यवहारात खोड आणि मुख्य फांद्यांना तार आणि पुढच्या डहाळ्यांना कात्री अशी विभागणी उत्तम.

कापताना चीक येतो. पाण्याचा फवारा मारला की थांबतो. अंगाला लागला तर काहींना खाज सुटते आणि डोळ्यात मात्र अजिबात जाऊ देऊ नका. अंगठ्यापेक्षा मोठ्या जखमेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप लावा. लहान जखमा चिकानेच बंद होतात.

पाणी, ऊन, खत

'दिवसातून किती वेळा पाणी घालू?' याला आकड्यात उत्तर नाही. बोट पेराइतकं मातीत घाला. ओल लागली तर थांबा, वरचा थर कोरडा वाटला तर खालच्या भोकातून वाहीपर्यंत घाला. नागपूरच्या मे महिन्यात छोट्या ट्रेला सकाळ-संध्याकाळ लागेल, मुंबईच्या जुलैत आठवडाभर झारी उचलावी लागणार नाही. बोअरच्या पाण्याने मातीवर आणि बुंध्यावर पांढरा थर चढतो. पावसाळ्यात झाड उघड्यावर ठेवलं की तो धुऊन निघतो.

झाडाची जागा बाहेर आहे. गॅलरीच्या ग्रिलमध्ये चार-पाच तास ऊन मिळालं तर चालेल, गच्ची असेल तर सोन्याहून पिवळं. हॉलमधल्या टीपॉयवर पाहुण्यांसाठी एक-दोन दिवस ठेवा आणि परत बाहेर न्या. एसीच्या खोलीत महिना काढला की पानं गळतात, फांद्या लांबट आणि लुळ्या होतात. एप्रिल-मेमध्ये विदर्भात, खानदेशात पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. जाळी पानांपेक्षा ट्रेसाठी असते, तापलेल्या ट्रेत मुळं शिजतात.

खत वाढीच्या काळात, मार्च ते ऑक्टोबर. 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. सेंद्रिय हवं असेल तर निंबोळी पेंडेची चिमूट मातीवर. शेंगदाण्याची पेंड झाडाला मानवते, पण भिजवलेल्या पेंडेचा वास शेजाऱ्यांना मानवत नाही.

पान घडी घालून बसलं तर

नांदरुकाचा एक ठरलेला शत्रू आहे. नवं कोवळं पान मधल्या शिरेवर घडी घालून शेंगेसारखं मिटतं आणि बाहेरून त्यावर जांभळट-तांबूस ठिपके दिसतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. ती घडी नखाने उघडून बघा. आत काळे, बारीक, दोन-तीन मिलिमीटरचे किडे लगबगीने पळताना दिसतील, सोबत पिवळसर पिल्लं आणि पारदर्शक अंडी. हे फुलकिडे. पानाच्या आत त्यांचं घर असल्यामुळे वरून कितीही फवारलं तरी औषध पोहोचत नाही. मिटलेलं प्रत्येक पान खुडा, पिशवीत घालून बांधा आणि कचऱ्यात टाका, कुंडीखाली नाही. नंतर नवी पालवी फुटताना दर आठवड्याला लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य साबण घालून संध्याकाळी फवारा. जून झालेल्या पानाला हे किडे सहसा त्रास देत नाहीत, त्यामुळे लढाई फक्त पालवीपुरती असते.

पिठ्या ढेकूण पांढऱ्या कापसासारखा बगलेत बसतो; स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की पिठ्या किंवा खवले कीड कुठेतरी आहे असं समजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं पिवळी पडून गळणं मात्र रोजचंच, त्याला औषध नको.

ट्रेमध्ये जाणं

दोन-तीन वर्षांनी खोड मनासारखं जाड झालं आणि मुख्य फांद्यांची दिशा ठरली की ट्रे आणा. खोली साधारण बुंध्याच्या जाडीइतकी, लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश. तळाला भोकं मोठी हवीत. नसतील तर घेऊ नका, रंग कितीही छान असो. भोकांवर प्लास्टिकची जाळी बसवा आणि त्यातूनच एक लांब तार वर काढून ठेवा.

झाड काढा, मुळांच्या कडेचं जाळं काट्याने विंचरा आणि एक-तृतीयांश मुळं कापा. थेट खाली जाणारं जाड मूळ आधी, आडवी पसरणारी शक्यतो नाही. तळाशी मिश्रणाचा छोटा उंचवटा करून त्यावर झाड बसवा, ट्रेच्या बरोबर मध्ये नाही, थोडं एका बाजूला आणि मागे. खालून काढलेली तार मुळांवरून घेऊन घट्ट बांधा. हे टाळू नका. हलणाऱ्या झाडाची नवी पांढरी मुळं तुटत राहतात आणि झाड महिनोन्‌महिने रेंगाळतं. मुळांमधल्या पोकळीत काडीने मिश्रण टोचत भरा. पाणी घालून सावलीत, तीन आठवडे. पुढे दर दोन वर्षांनी हेच, झाड म्हातारं झालं की तीन-चार वर्षांनी.

ट्रेमध्ये स्थिरावलेलं झाड जोमात असेल तर पुढच्या वर्षी जून-जुलैत एकदा सगळी पानं काढता येतात. देठ ठेवून पान कात्रीने कापायचं. दोन-चार आठवड्यांत नवी, लहान पानं येतात आणि मधल्या काळात फांद्यांचा सांगाडा उघडा पडतो, तारकामाला याहून सोयीची वेळ नाही. ज्या वर्षी मुळं कापली त्या वर्षी मात्र हे करू नका.

दमट हवेत खोडावरून आणि फांद्यांवरून पारंब्या सुटतील. कोकणात आपोआप, घाटावर पावसाळ्यात. एखादी पारंबी जमिनीपर्यंत न्यायची असेल तर शीतपेयाची नळी उभी चिरा, पारंबीभोवती बसवा, आत ओलं मॉस भरा आणि खालचं टोक मातीत खोचा. माती गाठली की पारंबी जाड होऊ लागते. मग नळी काढा. सगळ्या पारंब्या ठेवल्या तर खोडाचं वळण झाकलं जातं, म्हणून दोन-तीन निवडा, बाकी कापा.

दुसऱ्यांची झाडं पाहणं हा या छंदातला अर्धा अभ्यास. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं, मुंबईत राणीच्या बागेतलं प्रदर्शन जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरतं. तिथे गेलात तर पानं-फुलं सोडून खाली वाका, बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंतचा भाग बघा आणि झाडाच्या मागच्या बाजूला जाऊन तारेच्या जुन्या खुणा शोधा.

गावाला जाताना

मे महिन्यात काही दिवस गावी जायचं असेल तर निघण्यापूर्वी खत बंद करा, लांब शेंडे खुडा म्हणजे पाण्याची गरज कमी होते. ट्रे सावलीत एकत्र मांडा. खाली मोठ्या टबात चार बोटं वाळू भरून ती पाण्याने चिंब करा आणि ट्रे त्यात कडेपर्यंत दाबून बसवा. वरून भिजवलेलं गोणपाट बुंध्याभोवती पसरा. ही सोय चार-पाच दिवस पुरते. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांकडे किल्ली द्या. 'रोज थोडं पाणी घाला' असं सांगितलं की लोक खरोखरच थोडं घालतात, वरचा थर ओला होतो आणि मुळं कोरडी राहतात. म्हणून त्यांना एकदा समोर उभं करून दाखवा: झारी संपली तरी चालेल, पण खालच्या भोकातून पाणी वाहायला लागल्याशिवाय थांबायचं नाही.